एऑर्टिक रूटचं ऑपरेशन: बेंटॉल की डेव्हिड? अनुभव आणि माहिती हवी आहे

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, तोही घाईत, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा नवरा ४३ वर्षांचा. हर्नियाच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी टूडी एको करायला गेलो होतो. एको करणारे डॉक्टर छान गप्पा मारत होते, ते मध्येच गप्प झाले. एकाच जागी प्रोब धरून तीनदा माप घेतलं आणि विचारलं, "घरात कुणी अचानक गेलंय का?" माझे सासरे ५१ व्या वर्षी द्राक्षबागेत फवारणी करता करता छातीत कळ येऊन गेले. सगळे अ‍ॅटॅकच म्हणाले. पोस्टमॉर्टेम झालं नाही.

रिपोर्ट असा: महाधमनीचं मूळ (एऑर्टिक रूट) ५.३ सेंटीमीटर, झडप तीन पडद्यांची, गळती मध्यम. सीटी अँजिओतही तेच माप आलं. हर्निया बाजूलाच राहिला.

दोन सर्जनना भेटलो. एक म्हणाले, मेकॅनिकल व्हॉल्व्ह घालून बेंटॉल करू, पुन्हा छाती उघडायची वेळ सहसा येत नाही, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. दुसरे म्हणाले, ह्यांची स्वतःची झडप चांगली दिसतेय, ती ठेवून नुसती भिंत बदलू, त्याला डेव्हिड म्हणतात. दोघेही समजावून बोलले. पण घरी आल्यावर कळलं की आम्हाला काहीच कळलेलं नाही.

ह्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्राइंडर, पत्रा, वेल्डिंग. हाताला रोज काही ना काही लागलेलं असतं. गोळी चालू असताना हे काम जमेल का, हे दोन्हीकडे विचारायचंच राहिलं. तिथे खुर्चीत बसलं की काही सुचत नाही.

ज्यांनी हे भोगलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

---

पंचवटीकर

ताई, माझं मेकॅनिकल बेंटॉल २०११ साली झालं, तेव्हा मी ३४ चा होतो. माझी झडप जन्मतः दोन पडद्यांची होती आणि चुना साचून दगड झालेली, त्यामुळे माझ्यापुढे डेव्हिडचा प्रश्नच नव्हता. म्हणून तुलना सांगू शकत नाही, पण या झडपेसोबत दिवस कसे जातात ते सांगतो.

आवाज येतो. रात्री पंखा बंद केला की डाव्या कुशीवर जास्त. मनगटी घड्याळ उशीखाली ठेवल्यासारखा. पहिले सहा महिने मी तो मोजत बसायचो. आता मुलगा मला लपंडावात त्या आवाजावरून शोधतो.

गोळी रोज संध्याकाळी ७ ला. मी अ‍ॅसिट्रॉमवर आहे, काहींना वॉर्फरिन देतात. महिन्यातून एकदा पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ती तपासणी; आकडा जितका मोठा तितकं रक्त पातळ. माझा २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा आहे. लोक सांगतात मेथी-पालक बंद करा. माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की बंद काही करू नका, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढीच खा. महिनाभर पालेभाजी नाही आणि मग आठवडाभर रोज मेथी-शेपू, असं झालं की आकडा हलतो.

एकदाच घाबरलो. दाढदुखीसाठी गल्लीतल्या केमिस्टकडून अँटिबायोटिक आणि पेनकिलर घेतली. गोळीचं त्याला सांगितलं नाही, चूक माझीच. पाचव्या दिवशी नाकातून रक्त थांबेना. आयएनआर ६.८. तेव्हापासून पाकिटात कार्ड ठेवतो: कोणती झडप, कोणती गोळी, सर्जनचा नंबर. आणि दाताचं कुठलंही काम असलं की तासभर आधी अँटिबायोटिकचा डोस घ्यावा लागतो, झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून. तोही डॉक्टरांना विचारूनच.

वर्कशॉपचं म्हणाल तर माझा मावसभाऊ सुतार आहे, त्याच्या मेकॅनिकल झडपेला नऊ वर्षं झाली. हातमोजे घालतो, कापलं तर दहा मिनिटं घट्ट दाबून धरतो, थांबतं. भीती डोक्याला मार लागण्याची. शिडीवर चढणं त्याने सोडलं.

---

ओटी_नंबर_चार

मी पर्फ्युजनिस्ट आहे, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हार्ट-लंग मशीन चालवतो. सर्जन नाही, तेव्हा निर्णय तुमच्या सर्जनचाच. पण टेबलापाशी उभं राहून ही दोन्ही ऑपरेशनं अनेकदा पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हृदयातून महाधमनी निघते तिथला अगदी सुरुवातीचा भाग म्हणजे रूट. तो नळीसारखा सरळ नसतो, कांद्यासारखा थोडा फुगीर असतो. त्याच्या आतल्या भिंतीला तीन झोळ्या टांगल्यासारखे झडपेचे तीन पडदे असतात आणि तिथूनच हृदयाला रक्त देणाऱ्या दोन कोरोनरी निघतात. आता भिंत फुगली की झोळ्यांच्या गाठी एकमेकींपासून लांब जातात, मग मध्ये पडदे टेकत नाहीत आणि रक्त मागे गळतं. पडदे धड असूनही गळती होऊ शकते. डेव्हिड ऑपरेशनचा सगळा पाया या एका गोष्टीवर आहे.

आधी बेंटॉल. ह्यू बेंटॉल आणि अँथनी डी बोनो यांनी लंडनला केलेली ही पद्धत १९६८ साली प्रसिद्ध झाली. (त्याच वर्षी आपल्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं होतं, म्हणून हे साल माझ्या लक्षात राहतं.) डेक्रॉनची (कृत्रिम धाग्याच्या कापडाची) नळी, तिच्या खालच्या तोंडाला झडप शिवलेली. जुनी झडप आणि फुगलेली भिंत काढून ही नळी बसवतात. कोरोनरींची तोंडं भोवतीच्या भिंतीच्या छोट्या चकतीसह कापून घेतात, आम्ही त्यांना बटन म्हणतो. डेक्रॉनला गरम कॉटरीने भोक पाडून ती बटनं तिथे शिवतात. सुरुवातीच्या काळात जुनी भिंत नळीवर गुंडाळून टाकत आणि कोरोनरी जागच्या जागी शिवत. त्या शिवणीवर ताण येऊन गळायचं. बटन पद्धत आल्यापासून तो त्रास खूप कमी झाला.

डेव्हिड. टोरांटोच्या टायरोन डेव्हिड यांनी १९९२ मध्ये ही पद्धत मांडली. फुगलेली भिंत कापून टाकायची, पडदे आणि त्यांची बारीक किनार तेवढी ठेवायची, ती सगळी डेक्रॉनच्या नळीच्या आत बसवून पुन्हा टांगायची, मग बटनं. नळीचा आकार किती, झोळ्यांच्या गाठी किती उंचीवर, हे मिलिमीटरचं काम आहे. बेंटॉलपेक्षा हृदय थांबवून ठेवायचा वेळ जास्त लागतो. शेवटी नळीत सलाईन भरून सर्जन बघतात की पडदे टेकतात का. आणि हृदय पुन्हा चालू होऊन मशीन बंद केलं की अन्ननलिकेतून केलेल्या एकोवर सगळ्यांचे डोळे असतात. त्या पाच मिनिटांत आमच्या ओटीत कुणी बोलत नाही.

मॅग्डी याकूब यांची याकूब पद्धतही झडप वाचवणारीच. तिच्यात नळीला तीन जिभा कापून भिंतीच्या जागी शिवतात. पडद्यांची हालचाल जास्त नैसर्गिक राहते, पण खालचं कडं आवळलं जात नाही. मार्फानसारख्या आजारात (आनुवंशिक आजार, त्यात महाधमनीची भिंत कमकुवत असते) ते कडं पुढे पसरतं, म्हणून तिथे बहुतेक सर्जन डेव्हिडकडे झुकतात.

तुमच्या बाबतीत खरा प्रश्न "कोणती पद्धत चांगली" हा नाही असं मला वाटतं. पडद्यांची अवस्था काय आहे, आणि तुमचे सर्जन वर्षाला किती डेव्हिड करतात, हे दोन प्रश्न आहेत. दुसरा विचारायला संकोच करू नका. चांगला सर्जन त्याचं सरळ उत्तर देतो.

---

कृष्णाकाठची

दोघांनाही मनापासून धन्यवाद. झोळीचं उदाहरण ह्यांना वाचून दाखवलं. वर्कशॉपच्या माणसाला ते पटकन कळलं, लगेच म्हणाले, "म्हणजे चौकट वाकलीय, दार ठीक आहे."

सासूबाई विचारतात, ती प्राण्याची झडप असते ना, तिला गोळी लागत नाही म्हणे, मग ती का नको?

---

ओटी_नंबर_चार

त्याला बायो-बेंटॉल म्हणतात. नळी तीच, झडप गायीच्या किंवा डुकराच्या ऊतीची. कायमची गोळी सहसा लागत नाही, हे खरं. पण ती झिजते, आणि माणूस जितका तरुण तितकी लवकर. साधारण १० ते १५ वर्षं धरतात. ४३ व्या वर्षी बसवली तर साठीच्या आत दुसरी वेळ येणार हे जवळपास नक्की. आता जांघेतून कॅथेटरने जुन्या झडपेच्या आत नवी बसवता येते, पण प्रत्येकाला जमतेच असं नाही आणि खर्च मोठा आहे. म्हणून ढोबळ मानाने पन्नाशीच्या आत मेकॅनिकल, पासष्टीच्या पुढे ऊतीची, मधल्यांनी विचार करून ठरवायचं.

रॉस नावाचं ऑपरेशनही कानावर येईल: स्वतःची फुफ्फुसाकडची झडप काढून महाधमनीत लावायची. भिंतच मुळात कमकुवत असल्याची शंका असेल तिथे ते टाळतात, कारण लावलेली भिंतही त्याच माणसाची असते. तुमच्या सासऱ्यांचा इतिहास पाहता तुमच्याकडे ते कुणी सुचवेल असं वाटत नाही.

---

थेम्सकाठी

मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे. मला मार्फान आहे आणि माझं रूट ४.७ असताना पेअर्स नावाचं ऑपरेशन झालं. भारतात फारसं बोललं जात नाही म्हणून सांगते.

टॅल गोल्सवर्दी नावाच्या एका इंजिनिअरला स्वतःलाच मार्फान होता. डॉक्टरांनी बेंटॉल सांगितलं, त्याला जन्मभर गोळी नको होती. त्याने विचार केला की नळी फुगत असेल तर बाहेरून आवळून धरू. रुग्णाच्या स्कॅनवरून रूटचं हुबेहूब मॉडेल बनवायचं, त्यावर कापडी जाळीची बाही विणायची आणि ती महाधमनीवर बाहेरून चढवायची. २००४ मध्ये लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टनमध्ये पहिला रुग्ण तो स्वतःच होता. महाधमनी उघडतच नाहीत. माझ्या वेळी हार्ट-लंग मशीनही लागलं नाही.

पण ताई, हे तुमच्या मिस्टरांसाठी नाही. गळती सुरू झाली असेल, रूट फार मोठं झालं असेल तर वेळ निघून गेलेली असते. मी लिहितेय ते तुमच्या घरातल्या बाकीच्यांसाठी. सासरे तसे गेले असतील तर दीर, नणंद आणि तुमची मुलं, सगळ्यांचा एको व्हायलाच हवा. मार्फान असेल तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी असते. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन, १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलेली, १९८६ मध्ये जपानमध्ये सामन्यादरम्यान बाकावर बसलेली असताना कोसळली आणि गेली. तेव्हा कळलं की तिला मार्फान होता. इतकी वर्षं ती सगळ्यांच्या नजरेसमोर खेळत होती.

---

निसर्गप्रेमी_७१

इतक्या मोठ्या ऑपरेशनची घाई करू नका. आमच्या ओळखीत एकांनी अर्जुनसालीचा काढा आणि लसूण घेऊन हृदयाचा त्रास घालवला. तीन महिने करून बघायला काय हरकत आहे?

---

तालुक्याची_डॉक्टर

हरकत आहे, आणि ती स्पष्ट सांगायला हवी. तुम्ही काळजीने लिहिलंत हे कळतं. पण फुगलेली महाधमनी कुठल्याही काढ्याने, गोळीने किंवा पथ्याने आकसत नाही. ब्लड प्रेशरच्या गोळ्यासुद्धा फक्त फुगण्याचा वेग कमी करतात. ती दुखत नाही, म्हणून वेळ आहे असं वाटतं. फाटली की मात्र तासांचा खेळ असतो. गोळी चालू झाल्यावर तर काढ्यांनी आयएनआर वरखाली होतो, तेव्हा न विचारता काहीही नको.

कृष्णाकाठची ताई, साधारणपणे ५.५ ला ऑपरेशन सांगतात, अनुभवी केंद्रात ५ ला, आणि मार्फान असेल किंवा घरात कुणाची महाधमनी फाटलेली असेल तर त्याआधीही. तुमचे ५.३ आणि वर सासऱ्यांचं तसं जाणं, म्हणजे दोन्ही सर्जन घाई करत नाहीयेत.

ऑपरेशनपर्यंत: जड उचलणं बंद. वर्कशॉपमध्ये चॅनेल, अँगल उचलायला दुसरा माणूस ठेवा. श्वास रोखून जोर लावला की प्रेशर क्षणात चढतं. प्रेशर रोज मोजून वहीत लिहा. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. लघवीच्या किंवा पोटाच्या इन्फेक्शनला सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास देतात, त्या घेऊ नका. फुगलेल्या महाधमनीत त्या धोक्याच्या ठरू शकतात, अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये तसा इशारा दिला आहे. छातीत किंवा पाठीत फाटल्यासारखी कळ आली तर माझ्यासारख्या छोट्या दवाखान्यात थांबू नका, थेट हृदयशस्त्रक्रिया होते तिथे न्या आणि दारातच रूटचं माप सांगा. नाहीतर अ‍ॅटॅक समजून रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं जाऊ शकतं. फाटलेल्या महाधमनीत ते जिवावर बेततं.

आणखी दोन गोष्टी. रक्त पातळ करणाऱ्या ज्या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, त्या मेकॅनिकल झडपेला चालत नाहीत. कुणी बदलून दिल्या तर घेऊ नका. आणि खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनचं नेमकं नाव सांगून विचारा की कोणती झडप-नळी योजनेत बसते आणि वरचे पैसे किती.

एखाद्या तरुण मुलीसाठी कुणी हा धागा वाचत असेल तर: वॉर्फरिन गरोदरपणात बाळाला अपाय करू शकतं. झडप निवडायच्या आधीच सर्जनशी हे बोला, लग्न ठरल्यावर नको.

---

कृष्णाकाठची (दहा दिवसांनी)

तुमच्या सगळ्यांचे प्रश्न वहीत उतरवून दोन्ही सर्जनकडे परत गेलो. पहिल्या डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं, "डेव्हिड मी फार कमी केली आहेत, ते हवं असेल तर त्यांच्याकडेच करा." मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला.

दुसऱ्यांनी एकोच्या हलत्या चित्रावर पडदे दाखवले. डेव्हिडचा प्रयत्न करू, पण खरं काय ते डोळ्यांनी पाहिल्यावरच कळेल, आणि पडदे योग्य नसतील तर बेंटॉल करावं लागेल, म्हणाले. त्या वेळी बाहेर येऊन विचारायला वेळ नसतो, म्हणून कोणती झडप ते आजच ठरवून सही करा.

दोन रात्री आम्ही त्यावर बोललो. मला आतून ऊतीची झडप हवी होती, हातांच्या जखमांमुळे. हे म्हणाले, "हातमोजे मी घालीन. पण तुला आणि आईला परत एकदा त्या बाकड्यावर बसवणार नाही." मेकॅनिकलवर सही झाली. पुढच्या बुधवारी ऑपरेशन. रक्त द्यायला वर्कशॉपची पोरं आणि ह्यांचे शाळेतले मित्र येणार आहेत.

---

पंचवटीकर

ताई, आत्तापासून तीन चेंडूंचं स्पायरोमीटर (श्वास ओढून चेंडू वर उचलायचं व्यायामाचं साधन) आणून सराव करून घ्या. ऑपरेशननंतर चेंडू वर जाता जात नाहीत, पण सवय असली की माणूस सोडत नाही. आणि एक कडक उशी न्या. खोकताना ती छातीशी घट्ट आवळून धरायची. त्या उशीइतकं मला कुणी सांभाळलं नाही.

बुधवारी त्र्यंबकेश्वरला जाऊन येतो.

---

कृष्णाकाठची (बुधवार, रात्री)

सकाळी ७:४० ला आत नेलं, ३ वाजता सर्जन बाहेर आले. डेव्हिड झालं नाही. दोन पडद्यांना गाठींजवळ ताणून जाळीसारखी भोकं पडली होती, एकोत ती दिसत नव्हती. म्हणाले, "बसवून दिली असती, आज गळलीही नसती. पण पाच-सात वर्षांत तुम्ही परत माझ्याकडे आला असता." मेकॅनिकल बेंटॉल केलं. रक्तस्राव ठीक आहे, व्हेंटिलेटर उद्या सकाळी काढतील.

मी रडले. डेव्हिड होईलच असं मनात धरून बसले होते. आयसीयूच्या काचेतून पाहिलं, पायाची बोटं हलवत होते.

---

ओटी_नंबर_चार

ताई, भोकं दिसत असताना मोह आवरून झडप बदलणं सोपं नसतं. आतापर्यंत गेलेला सगळा वेळ सोडून सर्जनला पुढचं ऑपरेशन सुरू करावं लागतं. तुमच्या डॉक्टरांनी योग्य केलं. आणि झडप तुम्ही आधीच ठरवून ठेवली होती, त्यामुळे आत एक मिनिटही वाया गेलं नसेल.

---

तालुक्याची_डॉक्टर

डिस्चार्जच्या वेळी आयएनआर किती ठेवायचा तो आकडा कागदावर लिहून घ्या. पहिला महिना तपासणी वरचेवर लागेल. छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने जातात, तोवर दोन्ही हातांनी ओढणं-ढकलणं नाही, मोटरसायकल नाही.

---

कृष्णाकाठची (सोळा दिवसांनी)

घरी येऊन पाच दिवस झाले. आयएनआर काल २.३. बुधवारी भेंडी, शनिवारी मेथी, तक्ता फ्रिजवर लावलाय. स्पायरोमीटरचे दोन चेंडू वर जातात, तिसरा अर्धा.

आवाज येतो, पंचवटीकर दादा. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. लेकीने बाबांच्या पाठीला कान लावला आणि म्हणाली, "आता तुम्ही झोपलात तरी कळेल, चालू आहे ते." तिचा एको नॉर्मल आला, दरवर्षी करायला सांगितलाय.

दिरांचा एको काल झाला. ३८ वर्षांचे आहेत, कसलाही त्रास नाही, पहाटे तालमीत जातात. ४.४ आलंय, गळती नाही. तालीम आजपासून बंद. थेम्सकाठी ताई, तुम्हाला निरोप करते, पेअर्सबद्दल नीट विचारायचंय.